उपाशीपोटी चक्कर आणि एका गाठीचा शोध

चाकणच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला आपल्यातल्या कितीतरी जणी नुसत्या चहावर निघतात. त्यात चतुर्थीचा उपवास असला की चक्कर येते, साखर खाल्ली की बरं वाटतं. पण हेच पुन्हापुन्हा झालं, बाई बरळू लागली, आकडी आली, की लोक म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. यामागचं एक कारण शोधायला डॉक्टरांना साठहून जास्त वर्षं लागली. तीच हकिकत आज आम्ही सांगतो.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. १८६९ साली बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पाउल लांगरहान्सला त्यात पेशींचे वेगळे पुंजके दिसले. ते कशासाठी, हे त्याला उमगलं नाही. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवलं. रक्तातली साखर उतरवणारं हे इन्सुलिन त्याच पुंजक्यांत तयार होतं.

मग ते जास्त झालं तर? १९२७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद छापली. तो स्वतःच सर्जन होता. त्याच्या गाठीचा अर्क सशांना टोचला, तर त्यांची साखर उतरली. त्याला वाचवता आलं नाही. पण १९२९ साली टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी आकड्या येणाऱ्या एका रुग्णाची अशी गाठ काढली आणि आजार थांबला. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास उपाशीपोटी होतो, त्याच वेळी तपासलं तर साखर कमी भरते, आणि साखर दिली की त्रास जातो.

ही गाठ वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांनाच होते, आणि बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. तेव्हा घाबरायचं नाही. चक्कर बहुधा रक्त कमी असल्यानं किंवा मधुमेहाच्या गोळ्यांनीही येते.

याच कुळातल्या गाठींचं नाव २०१८ साली अभिनेता इरफान खान यांच्या आजारामुळे घरोघरी पोचलं. पसरलेल्या गाठींवर आज मुंबईत परळला उपचार होतात. गाठ हुडकून तिथेच किरण सोडणारं ल्युटेशियमचं औषध शिरेतून देतात. ते ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्टीत तयार होतं.

गटातली कुणी उपाशीपोटी वारंवार पडत असेल, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर मोजा, आकडा लिहून ठेवा. शुद्धीत असेल तर साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. तो लिहिलेला आकडा डॉक्टरांना दाखवा.