अंगणातून मोरीपर्यंत

कुत्रं पाळणं आपल्याकडे फार जुनं आहे. कुत्रं घरात ठेवणं मात्र अलीकडचं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, खंडोबाच्या पायाशी एक असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होती. पण ही सगळी कुत्री उंबऱ्याबाहेरची. कोकणात माझ्या आजोळी कुत्रा अंगणात असे, पाऊस लागला की पडवीत येई. उरलेली भाकरी आणि आमटीभात त्याच्या ठरलेल्या करवंटीत पडे. त्याला शू कुठे करायची हे कुणी कधी शिकवलं नाही. जिथे निजायचं तिथे घाण करायची नाही, हे कुत्र्याला उपजतच कळतं. चार-पाच आठवड्यांचं पिल्लूसुद्धा धडपडत आईच्या कुशीपासून दूर जातं आणि मगच बसतं. मागे परसू असलं की तेवढं कळणं पुरतं.

पिल्लाला शी-शूची शिस्त लावण्याचा त्रास सुरू झाला तो इमारतींमुळे. दादरच्या शिवाजी पार्कभोवती हा बदल मी स्वतः पाहिला, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटतं.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी डबडं घेऊन रांग. जिथे माणसांनाच थांबावं लागे तिथे खोलीत कुत्रं ठेवण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. चाळीचं कुत्रं सगळ्या चाळीचं असे. दिवसा चौकात, रात्री जिन्याखाली. कुणी शिळी पोळी घाली, कुणी पाणी ओतून हाकली. आणि एक दिवस पालिकेची गाडी येई. भटकी कुत्री पकडून मारायची ही पद्धत मुंबईत १९९४पर्यंत चालू होती. गाडी गल्लीत शिरली की आम्ही मुलं ‘आपल्या’ कुत्र्याला कुणाच्या तरी खोलीत कोंडून ठेवत असू. चाळीतलं कुत्रं घरात येई ते एवढ्याच कारणाने.

कुत्र्यांवरून या शहराने पूर्वी दंगलही पाहिली आहे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, सरकारी शिपाई कोटात कुत्री मारू लागले. त्यांना दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. लोक रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, त्यात हिंदू आणि जैनही सामील झाले. त्यानंतर १८३४मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंनी इतरांच्या साथीने भुलेश्वरला पांजरपोळ उभारलं. पुढे १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय निघालं आणि १८८६ला त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय. आम्ही सगळे त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतो. गाडी ओढणाऱ्या बैलांसाठी आणि घोड्यांसाठी निघालेल्या त्या जागी पुढे कुत्र्यांची रांग वाढत गेली. माणसं कुत्र्याला उचलून, टॅक्सीत घालून परळला नेऊ लागली, याचाच अर्थ कुत्रं तोवर कुणाच्या तरी घरातलं झालं होतं.

शिवाजी पार्कचं मैदान १९२५चं. तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. त्याभोवती १९३० आणि ४०च्या दशकांत दोन-तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. गोलाकार बाल्कन्या, मोझॅकची जमीन, आणि गिरगावातून आलेल्यांना सर्वांत अप्रूप वाटे ते दाराच्या आत असलेल्या संडास-मोरीचं. दार लावलं की आपला ब्लॉक आपला. अशा घरात कुत्रं ठेवता येतं. मात्र तिथे परसू नाही. दोन मजले, जिना, फाटक आणि मग फुटपाथ. पिल्लाचा उपजत स्वभाव त्या जिन्याच्या वरच्या पायरीवरच संपतो.

लग्न होऊन मी अशाच एका ब्लॉकमध्ये आले. १९७६च्या सुमारास यजमानांनी खिशातून एक पिल्लू काढून जमिनीवर ठेवलं. सासूबाईंचं सोवळं कडक. देवघराच्या खोलीत कुत्रं येणार नाही, स्वयंपाकघरात येणार नाही, या दोन अटींवर राजाला घरात जागा मिळाली. आणि त्याला शिस्त लावली ती सासूबाईंनीच! त्यांनी सहा मुलं वाढवली होती. तान्ह्या मुलाला दोन पायांवर घेऊन मोरीच्या कडेला बसवायचं आणि तोंडाने बारीक ‘शूऽऽ’ करत राहायचं, हे आपल्या घराघरातल्या बायकांना येत असे. मूल झोपून उठलं की, दूध प्यालं की, खेळता खेळता मध्येच थांबलं की त्याला न्यायचं. पिल्लाच्याही वेळा नेमक्या याच. सासूबाई राजा जागा झाला की मला हाक मारत, “अगं, ने त्याला खाली, मग मुततो बघ!” मी त्याला उचलून इमारतीच्या मागच्या बाजूला बदामाच्या झाडाखाली नेई. पायावर घेणं एवढंच काय ते वगळलं, बाकी सगळं मुलासारखं. महिनाभरात राजा दाराशी जाऊन बसू लागला.

त्या काळी पुष्कळ घरांत पिल्लाचं नाक त्याच्याच मुतात घासत, वर गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने फटका. ही धाकाची शाळा पाश्चात्त्य जगातही प्रतिष्ठित होती. जर्मनीत लष्करी कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं शिक्षेवर भर देणारं पुस्तक १९१०मध्ये निघालं आणि पुढे कित्येक दशकं तीच रीत चालली. नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर बसायचं नाही. मग ते सोफ्यामागे जातं, पलंगाखाली जातं, आणि घरातले म्हणतात लबाड आहे. मला हे आजही पाहवत नाही. घडून गेलेल्या गोष्टीचा आणि फटक्याचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. योग्य जागी बसल्याबरोबर, त्याच क्षणी मिळालेला चण्याएवढा खाऊ मात्र त्याच्या पक्का लक्षात राहतो.

आमचं दुसरं पिल्लू आलं १९९१मध्ये. पांढरी पॉमेरियन, चिनू. तेव्हा पार्काच्या कट्ट्यावर चार कुत्री दिसली तर त्यांतली तीन पॉमेरियन असत. मला वाटलं, राजासारखीच ही शिकेल. पण मधल्या काळात पार्व्हो आला होता. हा विषाणू जगात प्रथम ओळखला गेला १९७८मध्ये आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं, लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही. पहिली लस पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावर, मग आणखी डोस, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. म्हणजे पिल्लाचे पहिले चार महिने घरातच. आणि पायाखाली जे लागतं त्याचीच सवय पिल्लाला लागते ती नेमकी या वयात. राजाच्या पायाखाली माती होती. चिनूच्या पायाखाली वर्तमानपत्र.

फ्लॅटमधल्या पिल्लांची सारी अडचण या एका गोष्टीतून निघते, असं माझं ठाम मत आहे. चार महिने आपण त्याला कागदावर बसायला शिकवतो आणि पाचव्या महिन्यात कागदावर बसलं म्हणून रागावतो. चिनूला खाली नेलं की ती अर्धा तास वास घेत हिंडे, घट्ट धरून ठेवी आणि वर आल्याबरोबर यजमानांनी खुर्चीशेजारी टाकलेल्या पेपरावर जाऊन बसे. बैलघोड्याच्या एका वयस्क डॉक्टरांनी उपाय सांगितला. कागदांची संख्या रोज थोडी कमी करायची, ढीग मोरीकडे सरकवत न्यायचा आणि ओला झालेला एक तुकडा पिशवीतून खाली नेऊन झाडाखाली ठेवायचा. उपाय लागू पडला. फिनेलबद्दलही त्यांनीच सांगितलं. नुसत्या फिनेलने आपल्या नाकाला बरं वाटतं, पिल्लाला खालचा वास येतोच आणि ते पुन्हा तिथेच बसतं. आधी डाग पाण्याने टिपून घ्यायचा, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसायचं.

मुंबईत पावसाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात आणलेलं पिल्लू खाली जाण्याजोगं होतं ते भर पावसात. तुंबलेला फुटपाथ, ओली माती, वर छत्रीचा आवाज. पुष्कळ पिल्लं अशा वेळी पाय टेकायलाच तयार होत नाहीत. म्हणून मी तरी मोरीची सवय कधीच मोडून टाकली नाही. पाणी ओतलं की स्वच्छ होते. आमच्या जुन्या इमारतींच्या मोऱ्या उताराच्या, मोठ्या भोकाच्या. त्या कामाला उत्तम. पुनर्विकासात मिळालेल्या नव्या घरांत मोरी गेली, गुळगुळीत टाइल्सचं बाथरूम आलं, त्यावर पिल्लाचे पाय घसरतात आणि ते आत जायला घाबरतं. एक जुनं पायपुसणं पसरून ठेवलं तर भीती जाते.

आता नातीने तांबू आणलाय, पार्काजवळच सापडलेलं देशी पिल्लू. ती ऑफिसला जाते, यजमान राहिले नाहीत, माझे गुडघे जिन्याला साथ देत नाहीत. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन-अडीच तासांवर धरवत नाही, आणि बहुतेक घरांत आता दिवसभर कुणीच नसतं. राजाच्या वेळी घरात पाच माणसं होती. तेव्हा जी शिस्त महिन्यात लागे तिला आता चार-पाच महिने लागतात, यात पिल्लाचा काही दोष नाही.

सोसायट्यांतली भांडणं मी बरीच पाहिली. प्राणी कल्याण मंडळाने २०१५मध्ये स्पष्ट केलं की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला पालिकेच्या २००६च्या उपविधींनी रस्त्यावरची घाण न उचलणाऱ्या मालकाला ५०० रुपये दंड ठेवला. दोन्ही नियम मला योग्य वाटतात. पार्काच्या कट्ट्याचा फेरा सव्वा किलोमीटरच्या आसपास; पहाटे तिथे म्हातारी माणसं चालतात, क्रिकेटची पोरं किटबॅग टेकवतात. तिथे पिशवी न घेता कुत्रं आणणाऱ्याला मी तोंडावर बोलते.

पिल्लू आणू पाहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या चार महिन्यांत रात्री दोनला कोण उठणार आणि दुपारी घरी कोण असणार, हे आधी ठरवा. ठरत नसेल तर पिल्लू आणू नका. आणि आणलंत, तर घर खराब करतं म्हणून त्याला पार्काच्या फाटकाशी सोडून जाऊ नका. आमचा तांबू तसाच कुणीतरी सोडलेला होता. गळ्यात पट्टा होता.