ट्रकचं इंजिन विहिरीवर बसवावं का?

ट्रकचं जुनं डिझेल इंजिन शेडात पडून असलं की वाटतं, विहिरीवर बसवावं. जरा मागं बघा. परभणीच्या काळ्या रानात मोट गेली अन् एका सिलिंडरचं ऑइल इंजिन आलं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी 1946 ला निघाली. विहिरीच्या पंपाला 5 अश्वशक्ती पुरायची. टाटांनी 1954 पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढले, त्यांची इंजिनं टनांचं ओझं ओढायला. असल्या इंजिनाला छोटा पंप जोडला तर ते नीट तापत नाही, काजळी धरतं, डिझेल मात्र पितं. म्हणून पंपाला लहानच इंजिन बरं. ट्रकचं मोठ्या जनरेटरला लावा, नाहीतर कागदपत्रं बघून त्याच मॉडेलच्या ट्रकवाल्याला विका.