शिल्पकार जोव्हान्नी दुप्रे (१८१७–१८८२)

इटलीतील सिएना येथे १ मार्च १८१७ रोजी जोव्हान्नी दुप्रे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील लाकडावर कोरीवकाम करीत. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. लहानपणीच त्यांनी पटाशी हाती घेतली व पुढे फ्लॉरेन्समध्ये कोरीवकाम करून ते संसार चालवू लागले. मूर्तिकार होण्याची ओढ मात्र कायम होती.

१८४२ साली ‘मृत हाबेल’ ही त्यांची मूर्ती फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत मांडली गेली. भावाच्या हातून मारला गेलेला निष्पाप हाबेल तेथे भूमीवर निपचित पडलेला आहे. देह इतका हुबेहूब होता की, स्तुतीबरोबर आरोपही झाला: ही मूर्ती घडविलेली नसून, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा घेऊन ओतलेली आहे! पंचविशीतल्या अपरिचित कारागिराचे सारे भवितव्य पणाला लागले. अखेर, ज्या माणसाला पाहून मूर्ती घडविली होती त्याला त्याच स्थितीत निजवून मापे घेण्यात आली. मूर्ती त्याच्याहून लांब भरली. साच्यातली मूर्ती माणसाहून लांब कशी असणार? आरोप खोटा ठरला. पुढे रशियाच्या राजकन्या मारिया यांच्याकडे हाबेलची संगमरवरी मूर्ती गेली. ती व तिच्या जोडीचा ‘काइन’ आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे मंदिराच्या मुख्य द्वारावरील ‘क्रुसाचा विजय’ हे उत्थित शिल्प दुप्रे यांचेच. सिएनाच्या मिझेरिकोर्दिया दफनभूमीसाठी त्यांनी १८६५ मध्ये ‘पिएता’ पूर्ण केली. क्रुसावरून उतरविलेला प्रभू येशू आणि शोकाकुल पवित्र मरिया यांच्या या शिल्पाला १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सन्मानपदक मिळाले. तुरीन येथील त्यांच्या काव्हूर स्मारकावर (१८७३) मात्र बरीच टीका झाली.

त्यांचे आत्मचरित्र १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० जानेवारी १८८२ रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. असिसीच्या सान रुफिनो कॅथेड्रलमधील संत फ्रान्सिस यांची मूर्ती ही त्यांची अखेरची कृती. ती त्यांची शिल्पकार कन्या आमालिया हिने पूर्ण केली.

निष्पाप हाबेलमध्ये ख्रिस्तसभेने आरंभापासून ख्रिस्ताचे पूर्वचिन्ह पाहिले आहे. पवित्र मिस्साच्या पहिल्या युखरिस्तिक प्रार्थनेत आपण त्याच्या अर्पणाचे स्मरण करतो. म्हणूनच दुप्रे यांचा ‘हाबेल’ आणि त्यांची ‘पिएता’ ही दोन शिल्पे एकत्र पाहावीत, असे आम्हांला वाटते.