तबकडी आणि तिची वाट

एखाद्या गायकाची तबकडी घरोघर वाजू लागली म्हणजे लोक त्याच्या नशिबाचे कौतुक करू लागतात. कोणी जाणता धनिक वाटेने चालला होता, त्याच्या कानी गाणे पडले आणि एका क्षणात सारे पालटले, अशी कथा सांगावयास सोपी व ऐकावयास गोड असते. अमेरिकेतील ग्रामीण संगीताचा, ज्यास तिकडे ‘कंट्री’ असे म्हणतात, इतिहास अशा कथांनी भरलेला आहे. परंतु लोरेटा लिन या गायिकेच्या उमेदवारीचा काळ बारकाईने पाहिला, तर नशिबाच्या पदरात टाकलेले पुष्कळसे श्रेय काढून घेऊन ते अन्यत्र द्यावे लागते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीर नावाचा गृहस्थ टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी आला आणि टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्याने ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली. आसपासच्या डोंगराळ मुलखातील गाणारी मंडळी तेथे आली. त्यांतच कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स होते. त्या काळी कंपनी आपली यंत्रे घेऊन गायकाच्या दाराशी येत असे. पुढल्या तीस वर्षांत ही रीत उलटली. नॅशव्हिल हे शहर या धंद्याची पेठ झाले. तबकडी निघणे एक आणि ती ऐकली जाणे दुसरे, अशी स्थिती आली; कारण कोणती तबकडी वाजवावयाची हे आता गावोगावच्या नभोवाणी केंद्रांतील निवेदक ठरवू लागले.

लोरेटाचा जन्म 14 एप्रिल 1932 रोजी केंटकी राज्यातील बुचर हॉलो या खोऱ्यात झाला. वडील टेड वेब कोळशाच्या खाणीत राबत; आठ भावंडांत ही दुसरी. शनिवारी रात्री घरातील रेडिओवर नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्यांचा कार्यक्रम ऐकू येई. बाहेरच्या जगाशी त्या खोऱ्याचा संबंध तेवढाच. 10 जानेवारी 1948 रोजी तिचा ऑलिव्हर लिन याच्याशी विवाह झाला. विवाहसमयी ती तेरा वर्षांची होती असे तिच्या आत्मचरित्रामुळे अनेक वर्षे मानले जात होते. पण 2012 साली जन्माची व विवाहाची सरकारी नोंद पुढे आली आणि तिला त्या वेळी पंधरा वर्षे पूर्ण होऊन जवळजवळ नऊ महिने लोटले होते असे ठरले. दोन वर्षांच्या या दुरुस्तीने तिच्या हालअपेष्टांचे मोल तिळमात्र उणे होत नाही. मात्र आख्यायिका एकदा रुजली की चरित्रनायिकेच्या वयालाही ती आपल्या सोयीचे करून घेते, हे ध्यानात ठेवावे.

लग्नानंतर हे जोडपे देशाच्या पार वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील कस्टर गावी, राहावयास गेले. विशीच्या आरंभीच लोरेटा चार मुलांची आई झाली होती. ती घरकाम करताना गुणगुणे, ते पतीच्या कानी पडे. त्याने सतरा डॉलरची एक गिटार आणून तिच्या हाती दिली आणि लोकांपुढे गाण्याचा हट्ट धरला. गिटार ती आपली आपणच शिकली. तीन-चार वर्षांत आसपासच्या सभागृहांतून व मद्यगृहांतून तिचे नाव झाले. टॅकोमा येथील दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात ती गाइली. ते गाणे व्हँकूव्हरचा लाकडाचा व्यापारी नॉर्म बर्ली याला आवडले, आणि त्याच्या पैशाने ‘झिरो’ नावाची चिमुकली कंपनी उभी राहिली. 1960 च्या आरंभी हॉलिवूडमध्ये जे गाणे मुद्रित झाले ते तिने स्वतःच रचलेले होते. येथवर नशिबाची कथा खरी आहे.

परंतु झिरो कंपनीपाशी माल देशभर पोचविणारी माणसे नव्हती. खोक्यात पडून राहिलेली तबकडी मुकीच. तेव्हा पतिपत्नींनी मोटार काढली. वाटेत नभोवाणीचे केंद्र दिसले की थांबावयाचे, आत जाऊन निवेदकाच्या हाती तबकडी द्यावयाची, वाजविण्याची विनंती करावयाची व पुढच्या गावची वाट धरावयाची. निजणे मोटारीतच. गाणे चांगले असून भागत नव्हते. ते कोणीतरी दारोदार वाहून न्यावे लागत होते. त्या उन्हाळ्यात ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या ग्रामीण गीतांच्या यादीत त्या गाण्याने चौदावा क्रमांक गाठला आणि ऑक्टोबर 1960 मध्ये लोरेटा ऑप्रीच्या रंगमंचावर उभी राहिली. लहानपणी जो आवाज खोऱ्यात ऐकू येई, त्याच्या उगमाशी ती येऊन पोचली होती.

पुढे विल्बर्न बंधूंच्या साह्याने डेका कंपनीचे दार उघडले. या साह्याला किंमत होतीच. गीतांच्या प्रकाशनाचे हक्क त्या बंधूंच्या संस्थेकडे गेले आणि तो वाद अखेर न्यायालयात पोचला. तथापि, विषय कोणता निवडावा हा हक्क तिने कोणास दिला नाही. पतीचे मद्यपान, त्याचे बाहेरचे पाय, वारंवारची बाळंतपणे, या घरात दडपल्या जाणाऱ्या गोष्टी तिने उघड गाइल्या. 1975 साली संततिनियमनाच्या गोळीवरील तिचे गाणे निघाले, तेव्हा कित्येक नभोवाणी केंद्रांनी ते वाजविण्याचे नाकारले. पंधरा वर्षांपूर्वी अशाच केंद्रांच्या पायऱ्या तिने झिजविल्या होत्या. आता ते गाणे त्यांची वाट पाहत थांबले नाही. यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत चढले.

टेड वेब 1959 साली निवर्तले. कन्येची तबकडी ऐकण्याचे सुख त्यांना लाभले नाही. ज्या ‘कोळसेवाल्याची मुलगी’ या अर्थाच्या गीताने 1970 साली तिने त्यांचे श्रम जगापुढे मांडले, तेही त्यांनी ऐकले नाही. लोरेटा 4 ऑक्टोबर 2022 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, वारली.

तिच्याइतक्याच गोड गळ्याच्या आणखी किती स्त्रिया त्या डोंगरांत गाऊन गेल्या असतील! त्यांचे गाणे त्यांच्या अंगणापलीकडे गेले नाही, म्हणून ते हलके होते असे कोणी म्हणू नये. ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपणांस केवळ पोचलेल्यांची नावे सांगतो. वाट किती लांब होती, हे मात्र त्या मोटारीच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजेच कळते.