परसातले अन्नवन : आधी सावलीचा हिशेब, मग लागवड

कोकणातील जुन्या घराच्या मागे न्हाणीचे पाणी ज्या वाटेने वाहते, त्या वाटेवर केळी आणि अळू हमखास दिसतात. जवळच माड, पलीकडे फणस, फणसाच्या खोडावर चढलेली मिरवेल आणि कुंपणाशी शेवगा. या बागेत दरवर्षी नांगरणी होत नाही, पेरणीही होत नाही. तरीही बाराही महिने स्वयंपाकघरात काही ना काही येत राहते. आपण याला परस किंवा वाडी म्हणतो. दीर्घायुषी खाद्य वनस्पतींची जंगलाप्रमाणे थरांत केलेली हीच रचना आता ‘फूड फॉरेस्ट’ म्हणजेच अन्नवन या नावाने शहरी मंडळींचे लक्ष वेधून घेत आहे.

बंगल्याभोवती किंवा गावाकडे गुंठा-दोन गुंठे जागा असलेल्यांना अशी बाग सहज करता येते. मात्र रोपवाटिकेत दिसेल ते रोप आणून लावले की अन्नवन तयार होते, हा समज पाच-सात वर्षांत खोटा ठरतो. दोन फुटांची रोपे दहा वर्षांनी किती जागा व्यापतील आणि कोणाचे ऊन अडवतील, याचा विचार खड्डे खणण्यापूर्वीच करावा लागतो.

मूळ आपल्याच किनाऱ्यावर

ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर’ ही संकल्पना पुस्तकरूपाने मांडली. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात रॉबर्ट हार्ट यांनी आपल्या छोट्या जागेत वनबाग उभी केली आणि तिचे सात थर सांगितले : उंच वृक्ष, मध्यम झाडे, झुडपे, पालेभाज्या व औषधी वनस्पती, जमिनीवर पसरणारी झाडोरा, कंद आणि वेली. या हार्ट यांना प्रेरणा मिळाली होती ती केरळातील घराभोवतालच्या बागांपासून.

गोव्यात फोंडा, सांगे, सत्तरी या भागांतील कुळागरांमध्ये हेच तत्त्व दिसते. डोंगराच्या पायथ्याशी पाटाच्या पाण्यावर पोफळी, माड, केळी, मिरी, अननस, फणस एकत्र नांदतात. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी व मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत रुजवली, तीही याच परंपरेतील.

एका गुंठ्याचे गणित

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा. हापूस कलमांसाठी रूढ अंतर १० मीटर बाय १० मीटर आहे. याचा अर्थ, पूर्ण वाढलेले एकच आंब्याचे झाड गुंठाभर जागा व्यापते. माडांमधील अंतर साडेसात मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट ठेवतात. त्यामुळे एका गुंठ्यात आंबा किंवा फणस यांपैकी एकच मोठे झाड, अथवा दोन माड, ही मर्यादा पाळणे शहाणपणाचे.

माडाची सावलीही वयानुसार बदलते. पहिली सात-आठ वर्षे खाली भरपूर ऊन मिळते. पुढे पंचवीस वर्षांपर्यंत दाट सावली राहते आणि झाड उंच झाल्यावर ऊन पुन्हा खाली पोहोचू लागते. मधल्या काळात हळद, आले, सुरण, अळू व मिरवेल ही सावली सोसणारी पिके घ्यावीत. लिंबू, पेरू, डाळिंब आणि शेवगा यांना मात्र थेट ऊन लागते.

आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाड जागेच्या उत्तर भागात आणि ऊन लागणारी लहान झाडे दक्षिणेकडे असावीत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून व घराच्या भिंतीपासून पुरेसे अंतर सोडावे. माड तर छपरावर किंवा ये-जा असलेल्या वाटेवर झुकणार नाही, असाच लावावा.

प्रदेशानुसार निवड

कोकणात माड, फणस, कोकम, जायफळ, मिरी, अननस ही मंडळी सुखाने वाढतात. पुणे, नाशिककडील कमी पावसाच्या भागात सीताफळ, आवळा, पेरू, डाळिंब, लिंबू, हादगा, शेवगा व कढीपत्ता अधिक खात्रीचे. मांडवावर तोंडली आणि मयाळ चढवल्यास भाजी वारंवार विकत आणावी लागत नाही.

रोपे घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकम व जायफळ यांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतील बरीचशी नर निघतात आणि हे कळेपर्यंत काही वर्षे गेलेली असतात. म्हणून विश्वासू रोपवाटिकेतून मादी झाडाचे कलम घ्यावे. जायफळाच्या बाबतीत परागीकरणासाठी आसपास नर झाडही हवे.

पहिली दहा वर्षे

मोठी झाडे लहान असताना मधली जागा रिकामी ठेवू नये. पहिल्या वर्षी तूर, केळी, पपई आणि शेवगा लावावा. पपई साधारण दहा महिन्यांत, केळी वर्षभरात, शेवगाही वर्षाच्या आत-बाहेर उत्पन्न देऊ लागतो. पेरूचे कलम दोन-तीन वर्षांत, लिंबू तीन-चार वर्षांत आणि आंब्याचे कलम चार-पाच वर्षांत फळ धरते. उंच जातीच्या माडाला सहा ते आठ वर्षे लागतात. वरची सावली दाटू लागली की पपई, तूर काढून टाकावी. ही पिके ठरावीक काळाची पाहुणी असतात.

झाडांची पाने जाळू नयेत. पालापाचोळ्याचा चार-सहा इंचांचा थर बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पसरल्यास ओल टिकते आणि गांडुळे वाढतात. कुंपणाला गिरिपुष्प लावल्यास त्याचा नत्रयुक्त पाला खतासाठी मिळतो. तो माणसांनी खाण्यासाठी मात्र नाही. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने दरवर्षी छाटणी करावी, अन्यथा वादळात फांद्या मोडतात. अळू व सुरण यांत घशाला खाज आणणारे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे दोन्ही चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवूनच खावेत. घरालगत दोन-तीन फूट पट्टा मोकळा ठेवल्यास सापांचे भय कमी होते आणि पाणी साचू न दिल्यास डासांचे.

चूक दुरुस्त करणे कठीण

भाजीचा वाफा चुकला तर पुढच्या हंगामात बदलता येतो. झाडाचे तसे नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये नगरपालिका व महापालिका हद्दीत झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. स्वतःच्या आवारातील, स्वतः लावलेल्या झाडालाही हा नियम लागू आहे. घराच्या पायाशी लावलेला फणस पंधरा वर्षांनी हटवणे त्यामुळे कठीण जाते. कागदावर आराखडा काढून प्रत्येक झाडाचा पूर्ण वाढलेला घेर वर्तुळाने दाखवला, तर अशा बहुतेक चुका पेन्सिलीनेच दुरुस्त होतात.

जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहताना सर्वांत आधी परस जातो, आणि त्याच्याबरोबर कुठल्या झाडाखाली काय वाढते ही माहितीही. घरातील वडीलधाऱ्यांना ती अजून ठाऊक असेल, तर आराखडा काढताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे. माड लावणाऱ्याला त्याच्या सावलीचा खरा उपयोग मुलांच्या काळात होतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.