मिनीला मोठा कार्बुरेटर : अडचण जागेची

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मिनी’ची लांबी जेमतेम तीन मीटर. अभिकल्पक अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून प्रवाशांसाठी जागा काढली. मात्र त्यामुळे कार्बुरेटर इंजिनामागे, प्रवासीकक्षाच्या पत्र्याजवळ गेला. जुन्या मिनीची शक्ती वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींची गाठ पडते ती या पत्र्याशीच.

मूळच्या ८४८ सीसी इंजिनाला सव्वा इंची तोंडाचा एक एसयू कार्बुरेटर होता. १९६१ च्या ‘मिनी कूपर’ला तसेच दोन देण्यात आले. पावणेदोन इंची एसयूदेखील योग्य मॅनिफोल्डसह तेथे सामावतो. वेबर ४५ डीसीओईचे तसे नाही. लांब बांधणीच्या या कार्बुरेटरचे तोंड थेट स्पीडोमीटरच्या मागे येते. परिणामी पत्रा कापून तेथे पेटी जोडावी लागते आणि बहुधा स्पीडोमीटरही हलवावा लागतो. कापलेला पत्रा पुन्हा सांधता येतो. गाडीचे अस्सलपण मात्र परतत नाही.

एवढ्या खटाटोपानंतरही लाभ मर्यादितच. या ‘ए-सीरिज’ इंजिनाच्या चार सिलिंडरना मिश्रण पुरवणारी द्वारे दोनच आहेत. सिलिंडर हेड व कॅमशाफ्ट मूळचेच ठेवल्यास वेबरच्या रुंद नळीत हवेचा वेग मंदावतो आणि शहरी रहदारीत गाडी अडखळते. एसयूतील पिस्टन हवेच्या ओघानुसार वर-खाली होत असल्याने त्यात हा दोष कमी. मात्र त्याचीही नीडल इंजिनाला अनुरूप निवडावी लागते. इंधन कमी पडल्यास इंजिनाचे पिस्टन वितळण्याची भीती असते.