सांगोल्याचे गणपतराव

लोकप्रतिनिधीची थोरवी वर्षांनीं मोजावी कीं कार्यानें, हा वाद जुना आहे. इंग्लंडांत चार्ल्स व्हिलियर्स हे १८३५ सालीं वुल्व्हरहॅम्प्टनमधून पार्लमेंटांत गेले आणि १८९८ सालीं मृत्यु येईपर्यंत, ६३ वर्षें, त्याच गांवाचे प्रतिनिधि राहिले. धान्यावरील जकातीचे कायदे रद्द व्हावे म्हणून १८३८ पासून ते वर्षानुवर्षें ठराव मांडीत होते. १८४६ सालीं ते कायदे गेले. चिकाटीचें फळ तें हेंच.

या चरित्राशीं ताडून पाहावें असें उदाहरण सोलापूर जिल्ह्यांत आहे. सांगोला हा पिढ्यानपिढ्या अवर्षण सोसणारा तालुका. शेतकरी कामगार पक्षाचे वकील गणपतराव देशमुख १९६२ सालीं येथून विधानसभेवर निवडून आले. २०१४ पर्यंत ते एकंदर ११ वेळां निवडून गेले. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. १९७८ व १९९९ सालच्या संमिश्र मंत्रिमंडळांत ते मंत्री होते. एरवीं त्यांचें आसन बहुधा विरोधी बाकांवरच राहिलें.

एकच मनुष्य इतका काळ तालुक्याचा मुखत्यार राहिला, तर मतदाराची निवड नाममात्र उरते, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर निकालांतच आहे. १९७२ व १९९५ सालीं सांगोलेकरांनीं गणपतरावांना पराभूत केलें. १९७४ च्या पोटनिवडणुकींत आणि १९९९ सालीं पुन्हां निवडलें. वुल्व्हरहॅम्प्टननें व्हिलियर्स यांना एकदांही नाकारलें नाहीं. जो विश्वास काढून घेतला गेला आणि विचारपूर्वक परत दिला गेला, त्याचें मोल अधिक नव्हे काय?

शिवाय पाण्याचा प्रश्न पांच वर्षांच्या मुदतींत मावत नाहीं. कृष्णेचें पाणी उचलून दुष्काळी भागांत नेणाऱ्या टेंभूसारख्या योजनांना दशकें लागतात. सरकारें बदलतात, अधिकारी बदलतात, तेव्हां मागणीची स्मृति जपणारा कोणी तरी सभागृहांत बसलेला असावा लागतो.

तथापि एक गोष्ट मनाला बोंचते. सांगोल्यांत त्यांचा पाया दृढ राहिला, परंतु महाराष्ट्रांत त्यांचा पक्ष क्षीण होत गेला. २०१४ सालीं त्याचे अवघे ३ आमदार होते. २०१९ सालीं गणपतराव निवृत्त होतांच सांगोल्याची जागाही गेली. ३० जुलै २०२१ रोजीं ते निवर्तले. २०२४ सालीं त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनीं ती जागा परत मिळविली. हा विजय विचाराचा कीं नांवाचा, याचा निवाडा पुढल्या निवडणुका करतील. व्यक्तीची निष्ठा संस्थेंत मुरली, तरच दीर्घ कारकीर्द सार्थकीं लागते.